निळा जांभळा छापतो, भगवा विटकरी येतो: ऑफसेटमधल्या रंगबदलाची तपासणी, स्वस्तापासून महागापर्यंत

१४ जानेवारीला नामविस्तार दिन, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. या हंगामात मराठवाड्यातल्या छापखान्यांत सगळ्यात जास्त खपणारे रंग दोनच, निळा आणि भगवा. आणि नेमके हेच दोन रंग सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चौघांच्या आवाक्याच्या काठावर किंवा त्याबाहेर बसतात. त्यामुळे तक्रारही दरवर्षी तीच येते: "स्क्रीनवर असा नव्हता." जालन्याच्या बियाणे कंपनीचं पत्रक असो की लातूरच्या क्लासचं माहितीपत्रक, दुखणं हेच असतं.

लक्षणं

- स्क्रीनवरचा गडद निळा कागदावर जांभळट किंवा वांगी दिसतो.
- भगवा मळकट, विटकरी किंवा तपकिरी छटेचा येतो.
- बारीक मराठी मजकुराच्या शिरोरेषेला लालसर किंवा निळसर कड दिसते. अनुस्वार, रफार दोन-दोन दिसतात.
- काळा पट्टा वाळतच नाही. वरच्या शीटच्या पाठीला रंग लागतो.
- तीच फाइल दोन प्रेसमध्ये दोन रंगांची छापते.
- पहिली शंभर शीट बरोबर, पुढे रंग उतरत जातो किंवा चढत जातो.

खिशात हात घालण्याआधी एक वर्गवारी करा. रंग सगळ्या शीटवर, सगळ्या भागात सारखाच चुकला असेल तर दोष फाइलमध्ये, प्लेटमध्ये किंवा एखाद्या युनिटच्या सेटिंगमध्ये आहे. एकाच शीटवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक असेल तर इंक की (शाईचा पुरवठा भागाभागात कमी-जास्त करणारे स्क्रू) पाहा. काम चालू असताना रंग सरकत असेल तर पाणी-शाईचा तोल बिघडलाय. बहुतेक ठिकाणी हे न बघता थेट मॅजेंटाच्या की बंद करायला सुरुवात होते. निळा थोडा सुधारतो, पण त्याच फॉर्ममधल्या (एका शीटवर एकत्र छापल्या जाणाऱ्या कामांमधल्या) माणसांचे चेहरे हिरवट पडतात. फाइलची चूक मशीनवर दुरुस्त होत नाही, ती फक्त दुसऱ्या जागी सरकते.

पहिली तपासणी: उजेड. खर्च शून्य

प्रेसमधली साधी एलईडी ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची असते आणि तिच्यात लाल भाग कमी असतो. तिच्याखाली भगवा मेलेला दिसतो आणि निळा जास्त थंड. छपाई पाहायचा प्रमाण उजेड ५००० केल्विनचा. शीट उन्हात न धरता सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीपाशी सावलीत धरा आणि पुन्हा पाहा. खिडकीला रंगीत फिल्म किंवा शेजारी रंगवलेली भिंत नको, तिचा रंग शीटवर पडतो. डिलिव्हरीच्या टेबलावर ५००० केल्विनची, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वरची एक ट्यूब लावली की निम्मे वाद तिथेच मिटतात.

ग्राहकाचा मोबाइल हा नमुना धरू नका. त्यावरचा रंग उजेडाने बनतो, कागदावरचा उजेड शोषून. मोबाइलचा झगझगीत निळा चार रंगांत मिळत नाही, हे काम घेतानाच सांगायचं असतं.

दुसरी तपासणी: फाइलमधले आकडे

डोळ्यांवर जाऊ नका, आकडे वाचा. कोरल ड्रॉमध्ये ऑब्जेक्ट निवडून खालच्या पट्टीत फिलवर डबल क्लिक केलं की रंग आरजीबी (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) आहे की सीएमवायके (छपाईचे चार रंग) ते कळतं. पीडीएफ आली असेल तर अॅक्रोबॅट प्रोमधलं आउटपुट प्रिव्ह्यू उघडा आणि रंगावर कर्सर न्या, चारही टक्के दिसतात.

आरजीबीतला शुद्ध निळा, म्हणजे ०, ०, २५५, फोटोशॉपच्या मूळ सेटिंगने सीएमवायके केला तर साधारण सायन ८८, मॅजेंटा ७७ होतो. जांभळ्याचं मूळ या दोन आकड्यांत आहे. सायन आणि मॅजेंटा जवळजवळ आले की कागदावर निळा राहत नाही. प्रोफाइलही (यंत्र आणि कागद रंग कसा दाखवतात हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) इथे पुरती मदत करत नाही. रूपांतराचं गणित लॅब या रंग-मोजपद्धतीवर चालतं, आणि निळ्याच्या भागात त्या पद्धतीतली सरळ रेषा डोळ्याला सरळ वाटत नाही. आवाक्याबाहेरचा निळा छटा कायम ठेवून आत ओढला, तरी डोळ्याला तो जांभळ्याकडे सरकलेला दिसतो. म्हणून सपाट निळ्या भागांचं रूपांतर सॉफ्टवेअरवर सोडू नये, आकडे हाताने भरावेत.

नियम सोपा आहे: मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी खाली. जयंतीच्या बॅनरपत्रकाचा निळा सायन १००, मॅजेंटा ६० ते ६५, यलो ०, काळा ० असा ठेवा. गडद हवा असेल तर मॅजेंटा वाढवू नका, काळा १० ते १५ द्या.

भगव्याचं उलट आहे. त्यात सायन आणि काळा शून्य हवा. मॅजेंटा ६५ ते ७०, यलो १०० हा गडद भगवा. केशरीकडे झुकणारा हवा असेल तर मॅजेंटा ५० च्या आसपास. सायन नारिंगीच्या विरुद्ध टोकाचा, त्यामुळे तो ४-५ टक्के आला तरी रंग मळतो. फोटोतल्या झेंड्यात, फेट्यात हा सायन हमखास असतो. फोटोशॉपमध्ये सिलेक्टिव्ह कलर उघडा, रेड आणि यलो निवडून सायन उणे करा. पूर्ण शून्यावर नेऊ नका, तो थोडा राहिला नाही तर कापडाच्या घड्या सपाट होतात.

तिसरी: काळा खरंच काळा आहे का

आरजीबीतला काळा त्याच मूळ सेटिंगने सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, काळा ९० होतो, एकूण ३०० टक्के. पत्रिकेतला आठ-नऊ पॉइंटचा मजकूर असा चार रंगांत गेला की चार प्लेटा केसभरही इकडेतिकडे न होता बसायला हव्यात. मे महिन्यात कागद कोरडा पडून आकसलेला असतो, तेव्हा ते होत नाही. आयग्लास (ठिपके पाहायचं भिंग) लावून 'श्री'ची वेलांटी पाहा: काळ्या रेषेच्या एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळी झालर दिसली तर मजकूर चार रंगांत आहे. मशीनमनचा दोष नाही.

मजकूर शंभर टक्के काळा, बाकी तीन शून्य, आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) चालू. कोरलच्या कलर मॅनेजमेंटमध्ये शुद्ध काळा जपण्याचा पर्याय आहे, तो चालू असू द्या. शेकडो ऑब्जेक्ट आरजीबीत असतील तर फाइंड अँड रिप्लेसमधून कलर मॉडेल एकदम बदलता येतं, पण त्यानंतर काळ्याचे आकडे पुन्हा तपासा. आणि पांढऱ्या अक्षरांवर ओव्हरप्रिंट राहिलेलं नाही ना, हे नक्की बघा. पांढऱ्याला शाई नसते. ओव्हरप्रिंट असेल तर प्लेटवर ती अक्षरं गायब होतात, आणि हे स्क्रीनवर ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू लावल्याशिवाय कळत नाही.

मोठ्या काळ्या पट्ट्याला काळा १०० आणि सायन ४० पुरे. चारही रंग भरून ३५०-३६० टक्के शाई चढवली की सेट-ऑफ (वरच्या शीटच्या पाठीला रंग लागणं) ठरलेला. आर्ट पेपरला ३०० ते ३३० च्या वर जाऊ नका. न्यूजप्रिंटला २४० ही मर्यादा धरा.

चौथी: रूपांतर किती वेळा झालं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण बहुतेक रंगबदल इथेच होतो आणि बहुतेक लोक इथे पाहतच नाहीत. एकाच फोटोचा प्रवास बघा: मोबाइलमध्ये आरजीबी, फोटोशॉपमध्ये सीएमवायके, कोरलमध्ये टाकताना पुन्हा आरजीबी, पीडीएफ करताना दुसऱ्याच प्रोफाइलने सीएमवायके, आणि प्लेटवाल्याच्या रिपमध्ये (फाइलचे प्लेटसाठी ठिपके करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आणखी एकदा. प्रत्येक वेळी आवाक्याबाहेरचा रंग कापला जातो. कापलेला परत येत नाही.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि के दाबून कलर सेटिंग्ज उघडा. मूळ सेटिंग बदललं नसेल तर सीएमवायकेपुढे स्वॉपचं नाव दिसेल. ते प्रोफाइल अमेरिकेतल्या वेब (कागदाच्या रोलवर चालणाऱ्या) मशीनसाठीचं. आपल्या शीटफेड मशीनवर, आर्ट पेपरवर फोग्रा ३९ किंवा फोग्रा ५१ हे लक्ष्य जास्त जवळ बसतं. मॅपलिथोसाठी (लेप नसलेल्या कागदासाठी) अनकोटेड प्रोफाइल, म्हणजे फोग्रा ५२ किंवा ४७. आर्ट पेपरसाठी केलेली फाइल मॅपलिथोवर टाकली की ठिपका जास्त पसरतो आणि सगळंच काळवंडतं. कोणतं घ्यायचं ते प्लेटवाल्याला आणि मशीनवाल्याला विचारून एकदाच ठरवा आणि फोटोशॉप, कोरल, इनडिझाइन तिन्हीत तेच भरा.

असाइन आणि कन्व्हर्ट या दोन आज्ञांची गफलत फार होते. असाइनने आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो, म्हणून स्क्रीनवरचा रंग उडी मारतो. कन्व्हर्टने दिसणं शक्य तितकं तेच राहतं, आकडे बदलतात. प्रोफाइल हरवलेल्या फोटोला आधी असाइन, मग कन्व्हर्ट. सीएमवायकेतून सीएमवायकेत कन्व्हर्ट करताना शंभर टक्के काळा मजकूर चार रंगांत फुटतो. इनडिझाइनमधून पीडीएफ काढताना आकडे जपून रूपांतर करण्याचा पर्याय निवडायचा तो यासाठीच.

पीडीएफ कोणती द्यायची? प्लेटवाल्याचा रिप जुना असेल किंवा तिकडे काय होतं याची खात्री नसेल तर एक्स-१ए. त्यात आरजीबी राहतच नाही, त्यामुळे रूपांतर तुमच्या हातात राहतं. रिप चांगला असेल आणि बोलणं झालेलं असेल तर एक्स-४.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबला गेलेला असतो. ग्राहकाला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आयफोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी३ प्रोफाइलमध्ये असतात. ते प्रोफाइल वाटेत गळलं आणि फोटो साधा एसआरजीबी समजून उघडला की चेहरे आणि भगवे फेटे फिके पडतात.

पाचवी: रिकाम्या जागेतली पट्टी

वेगळी चाचणी छापायची गरज नाही. नेहमीच्या फॉर्मच्या कटिंगमध्ये जाणाऱ्या भागात निळ्याचे पाच आणि भगव्याचे पाच चौकोन टाका: सायन १०० वर मॅजेंटा ५०, ५५, ६०, ६५, ७०, यलो १०० वर मॅजेंटा ५०, ५५, ६०, ६५, ७०. खाली आकडे लिहा. शेजारी सायन ५०, मॅजेंटा ४०, यलो ४० असा राखाडी आणि त्याला लागून काळा ५०. शीट पूर्ण वाळल्यावर चौकोन कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. पुढच्या वेळी ग्राहकाने स्क्रीनऐवजी हाच पुठ्ठा बघून रंग निवडावा.

राखाडी चौकोन हा खरा पहारेकरी आहे. तो गुलाबी झुकला तर मॅजेंटा जास्त, हिरवट झुकला तर कमी. राखाडी बरोबर आहे आणि निळा मात्र जांभळा, तर मशीनला हात लावू नका, चूक फाइलची आहे.

डिजिटल टोनर मशीनवरचा प्रिंट प्रूफ म्हणून दाखवत असाल तर त्यात ऑफसेटच्या प्रोफाइलचं सिम्युलेशन चालू हवं. नाहीतर टोनरचा चमकदार भगवा पाहून ग्राहक खूश होतो आणि ऑफसेटला तो मिळत नाही.

सहावी: प्लेट

प्लेट बाहेरून येत असेल तर एक प्रश्न विचारा: कर्व्ह (ठिपका पसरणार म्हणून आधीच केलेली घट) कुठे लावला, रिपमध्ये की वर्कफ्लोमध्ये? दोन्हीकडे लागला तर फोटो धुतल्यासारखे येतात. कुठेच नाही तर मिडटोन भरतात. कर्व्ह नसलेल्या प्लेटवर ५० टक्क्यांचा चौकोन प्लेट रीडरने ५० च यायला हवा. छापल्यावर आर्ट पेपरवर तोच ६६ च्या आसपास वाचला जातो. ठिपका पसरतो, ते नैसर्गिक आहे. पण मॅजेंटाचा ७२-७३ आणि सायनचा ६५ झाला तर निळा जांभळा होणारच, फाइल कितीही बरोबर असो. रीडर नसेल तर निदान आयग्लासने २ टक्के आणि ९८ टक्के ठिपके शाबूत आहेत का ते पाहा. डेव्हलपर थकला असेल तर इथेच दिसतं.

सातवी: मशीन

आधी डेन्सिटी, म्हणजे शाईच्या थराचा गडदपणा. आर्ट पेपरवर सायन आणि मॅजेंटा १.४ ते १.५, काळा १.७ ते १.८५ अशी सुरुवात धरा. यलोचा आकडा डेन्सिटोमीटर स्टेटस ई या मोजपद्धतीवर आहे की स्टेटस टी वर यावर फार बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा उसना घेऊ नका. ओल्या शीटचा आणि वाळलेल्या शीटचा आकडाही वेगळा येतो, त्यामुळे तुलना एकाच अवस्थेत करा.

मग छपाईचा क्रम. चार कलरच्या मशीनवर काळा, सायन, मॅजेंटा, यलो असा क्रम चालतो आणि मॅजेंटा ओल्या सायनवर बसतो, त्यामुळे पूर्ण चढत नाही. सिंगल किंवा दोन कलरच्या मशीनवर सायन वाळल्यावर मॅजेंटा आला तर तो पूर्ण बसतो, आणि तीच प्लेट जास्त जांभळी छापते. काम चार कलरवरून दोन कलरवर हलवायचं असेल तर निळ्यातला मॅजेंटा आणखी ५ टक्के कमी करून सुरुवात करा.

भगवा मळतो तेव्हा यलोचं युनिट तपासा. काळ्यानंतर त्याच युनिटवर यलो लावला आणि धुणं घाईत झालं तर रोलरच्या कडांना राहिलेला काळा दिवसभर सुटत राहतो. दोनदा धुवा, थोडा यलो चालवून तोही पुसा, मग कामाचा यलो भरा. डक्टमधला (युनिटच्या शाईच्या टाकीतला) यलो हिरवट किंवा नारिंगी झाक मारत असेल तर तो काढून टाका. त्यात नवीन मिसळून फायदा नाही.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियममुळे रोलरवर पांढरा थर बसतो, रोलर शाई धरत नाही आणि रंग पट्ट्यापट्ट्याने उतरतो. फाउंटन सोल्यूशनला (प्लेट ओली ठेवणाऱ्या द्रावणाला) आरओचं पाणी वापरा आणि कॉन्सन्ट्रेट मऊ पाण्यासाठीचं घ्या. प्रमाण डब्यावर लिहिलेलं, साधारण २ ते ४ टक्के, मापाने घालायचं, अंदाजाने नाही. पीएच ४.८ ते ५.३ मध्ये हवा. पण फक्त पीएचवर विसंबू नका. बफरमुळे द्रावण घाण झालं तरी तो बराच काळ बरोबर दाखवतो. ताज्या द्रावणाची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता) लिहून ठेवा आणि ती साधारण हजार मायक्रोसिमेन्सने चढली की टाकी रिकामी करून धुवा.

उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की शाई पातळ होते, टॅक (चिकटपणा) कमी होतो, ठिपका पसरतो. दुपारी रंग चढलेला दिसतो तो यामुळे. नाजूक काम सकाळी लावा, कागदाचं वेष्टन मशीनवर चढवायच्या वेळेसच फोडा.

हे सगळं ठीक असूनही एकाच रंगाचा ठिपका पसरत असेल तर त्या युनिटचं ब्लँकेट (प्लेटवरून कागदावर रंग नेणारं रबर) आणि पॅकिंग (त्याखालचे कागद) तपासा. कॉम्प्रेसिबल ब्लँकेटला प्लेटशी ०.१ मिमीच्या आसपास दाब पुरतो. कुणीतरी घातलेला एक जादा कागद ठिपका लांबट करतो. आयग्लासमध्ये तो गोल न दिसता ओढल्यासारखा दिसतो.

लॅमिनेशन आणि स्पेशल कलर

ग्लॉस लॅमिनेशनने रंग गडद होतो, मॅटने फिका आणि धुरकट. मंजुरी लॅमिनेट केलेल्या तुकड्यावरच घ्या.

चार रंगांत भगवा मनासारखा येतच नसेल तर पाचवी शाई हाच प्रामाणिक उपाय. एक जादा प्लेट आणि एक धुणं एवढाच खर्च वाढतो. पँटोन ऑरेंज ०२१ किंवा रिफ्लेक्स ब्लू यांना सीएमवायकेत जोड नाही. फाइलमध्ये त्यांचं रूपांतर झालं असेल तर प्लेट वेगळी निघणारच नाही, म्हणून आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये पाचवं नाव दिसतं का ते पाहा. शाई मिसळताना ग्रॅमच्या काट्यावर तोला, कामाच्याच कागदावर ओढून पाहा, आणि वजनं डब्यावर लिहा. रिफ्लेक्स ब्लू, रोडामाइन आणि पर्पल या शाया वार्निश, यूव्ही किंवा लॅमिनेशनखाली रंग सोडतात. वर काही चढणार असेल तर दुकानदाराकडून त्यासाठी टिकाऊ असलेली शाई मागून घ्या.

कुठे थांबायचं

पॅकिंग बरोबर आहे, ब्लँकेट नवं आहे, तरी ठिपका लांबटच येतो: सिलिंडरचा दाब किंवा बेअरिंगचा प्रश्न आहे. मशीनचा मेकॅनिक बोलवा. सिलिंडर स्वतः उघडू नका, आणि मशीन चालू असताना रोलरजवळ हात किंवा फडकं नेऊ नका.

रोलर धुऊन, डी-ग्लेझ (रबरावरचा साचलेला चकचकीत थर काढणं) करूनही काचेसारखे चमकत असतील किंवा रबर कडक झालं असेल तर रोलर बदलण्याखेरीज इलाज नाही.

प्लेटवरचे आकडे प्लेटगणिक बदलत असतील तर ते सीटीपीच्या (प्लेट बनवणाऱ्या यंत्राच्या) सर्व्हिस इंजिनिअरचं काम. लेझरची सेटिंग अंदाजाने हलवली तर पुढच्या सगळ्या प्लेटा बिघडतात.

स्वतःच्या मशीनचं प्रोफाइल बनवायचं असेल किंवा ग्राहक डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) मध्ये हमी मागत असेल, तर स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेला कलर तज्ज्ञ लागतो. डेन्सिटोमीटर शाईची जाडी सांगतो, छटा नाही. तज्ज्ञाला बोलावण्याआधी मशीन धुतलेलं, फाउंटन सोल्यूशन ताजं आणि शाई-कागद नेहमीचाच ठेवा. नाहीतर घाणीचंच प्रोफाइल बनेल. त्याच्यासाठी एकाच कामाची सुरुवातीची, मधली आणि शेवटची शीट, त्या वेळची पीएच आणि कंडक्टिव्हिटी, शाईचा बॅच नंबर आणि मूळ पीडीएफ काढून ठेवा.